एक ग्रॅम सोन्याला किती चौरस सेंटिमीटर?

जुन्या कॉम्प्युटरच्या भागांवरचं सोनं काढायचा मला छंद आहे. या छंदाबद्दल कुणाशी बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती निघतं गं?" आणि लगेच दुसरा, "मग तू अजून नोकरी कशाला करतेस?" दोन्हीचं उत्तर शाळेतल्या क्षेत्रफळाच्या गणितात आहे, म्हणून ते आधीच मांडते. ज्यांना फक्त पैशात रस आहे त्यांचा वेळ वाचेल आणि बाकीच्यांशी जरा निवांत बोलता येईल.

सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक घन सेंटिमीटर सोन्याचं वजन १९.३ ग्रॅम. आता एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, जाडीचा सोन्याचा थर असेल तर त्यात सोनं किती? १.९३ मिलीग्रॅम. झालं. धड दोन मिलीग्रॅमही नाही. एक ग्रॅम जमवायला अशी साधारण ५१८ चौरस सेंटिमीटर जागा लागते. ए-फोर कागदाची एक बाजू ६२४ चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे जवळजवळ अख्खं पान भरून मुलामा, आणि तोही एक मायक्रॉनचा, तेव्हा कुठे एक ग्रॅम. आणि एक मायक्रॉन म्हणजे या कामात चांगला जाड थर बरं का.

कॉम्प्युटरमधल्या रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीला खालच्या कडेला जे पिवळे दात असतात ना, ज्यांना सगळे फिंगर्स म्हणतात, त्यांच्यावरचा थर त्यातल्या त्यात जाड असतो, कारण ती पट्टी सॉकेटमध्ये घातली जाते, काढली जाते, घासली जाते. चांगल्या प्रतीच्या कामात तो पाऊण ते सव्वा मायक्रॉन ठेवतात आणि सोनं मऊ पडतं म्हणून त्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळतात, त्याला हार्ड गोल्ड म्हणतात. त्याच बोर्डावर बाकी ठिकाणी जे पिवळं दिसतं, सोल्डर करायच्या, म्हणजे डाक द्यायच्या, जागा, स्क्रूच्या भोकाभोवतीची कडी वगैरे, तिथे निकेलवर सोन्याचा नुसता हात फिरवलेला असतो, ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. त्याचं काम एवढंच की सोल्डरिंग होईपर्यंत खालचं निकेल खराब होऊ नये. ०.०५ धरून वरचं गणित परत करा, एक ग्रॅमला एक चौरस मीटरपेक्षा जास्त जागा लागते, म्हणजे सतराएक ए-फोर कागद! आणि गंमत अशी की डोळ्यांना दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, कारण प्रकाश परतवायला सोन्याचा अगदी पातळ थरही पुरतो. म्हणजे ज्या इंद्रियावर विश्वास ठेवून माणूस भंगार उचलतो तेच इथे सगळ्यात जास्त फसवतं.

उदाहरण घेऊ. डीडीआर-थ्री रॅमच्या एका पट्टीला २४० फिंगर्स असतात, दोन्ही बाजू मिळून. एक फिंगर दोन चौरस मिलिमीटरचा धरला तर एकूण जागा ४.८ चौरस सेंटिमीटर, पाऊण मायक्रॉनने सोनं निघालं सात मिलीग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास पट्ट्या, तेही थर खरंच पाऊण मायक्रॉनचा असेल आणि वाटेत काहीही सांडलं नाही तर. प्रत्यक्षात हात कायम कमीच भरतो. मी कुठलाही माल हातात आला की आधी पट्टीने मापून हे गणित करते आणि मग ठरवते की यावर ॲसिड खर्च करायचं की नाही, आणि माझं म्हणणं असं की या छंदातलं निम्मं कौशल्य इथेच आहे, बीकरबिकर नंतरची गोष्ट.

मुळात कंपन्या सोनं वापरतात कशाला, तर ते गंजत नाही म्हणून. तांबं आणि चांदी दोन्ही विजेचे सोन्यापेक्षा चांगले वाहक आहेत, पण तांब्यावर ऑक्साइड येतं, चांदी काळी पडते, आणि काही मिलीव्होल्टचा सिग्नल त्या थरात अडकतो. सोन्याच्या पृष्ठभागावर काहीच चढत नाही, वीस वर्षं कपाटात पडलेली पट्टी काढून लावली तरी चालते. मध्ये निकेलचा थर का, तर सोनं थेट तांब्यावर दिलं तर तांबं हळूहळू सोन्यातून वर सरकतं आणि मुलामा दिल्याचा उपयोगच संपतो. तांबं, निकेल, सोनं हा तीन मजली प्रकार लक्षात ठेवा, पुढची सगळी केमिस्ट्री त्यावरच उभी आहे.

मालाची निवड करताना लोकं काय काय उचलून आणतात ते बघून हसू येतं. पिवळी दिसणारी पितळी पिन, ऑडिओ केबलचे चकचकीत कनेक्टर (यातल्या बऱ्याच स्वस्त मालावर सोनं नावापुरतं किंवा तेही नाही), टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिलेली ड्रिल बिट्स सुद्धा. जुना माल खरंच चांगला, यात वाद नाही. नव्वदच्या दशकातले सिरॅमिकचे प्रोसेसर, जांभळट-करड्या रंगाचे, वर सोनेरी झाकण आणि खाली सोनेरी पिनांचं जंगल, त्यात इंटेलचा १९९५चा पेंटियम प्रो म्हणजे या छंदातल्या लोकांचा लाडका, इतका की आता तो वितळवण्यापेक्षा कलेक्शन करणाऱ्याला देणंच शहाणपणाचं, कारण अख्ख्या चिपला आतल्या सोन्यापेक्षा जास्त मान आहे. त्यानंतर मुलामा पातळ होत गेला, पिनांच्या जागी नुसते टिकल्यांसारखे पॅड आले, आणि चिपच्या आत वापरायच्या सोन्याच्या तारांच्या जागी तांब्याच्या तारा आल्या. सोनं महाग झालं की इंजिनिअर पहिलं काम काय करतात, तर ते कमी कसं लागेल ते बघतात. त्यामुळे नवीन म्हणजे भारी हा नियम इथे बरोबर उलटा चालतो.

चुंबक कायम खिशात ठेवावं. सिरॅमिक चिपच्या पिना चुंबकाला चिकटतात कारण त्या आतून लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या असतात, कोवार म्हणतात त्याला, आणि फिंगर्सच्या खाली असतं तांबं. या दोन्हींचा माल एका भांड्यात टाकायचा नाही, रसायनं वेगळी वागतात. सोल्डर लागलेला भाग तर आधीच कापून बाजूला करायचा. त्यातलं कथील पुढे नायट्रिक ॲसिडला भेटलं की पांढरा चिकट लगदा होतो, तो फिल्टर पेपरची भोकं अशी बुजवतो की द्रव थेंबभरही खाली उतरत नाही, आणि त्या लगद्यात सोनं अडकून बसतं. नवशिक्यांचं सोनं सगळ्यात जास्त इथेच हरवतं, चोर नसतो कुणी, कथील असतं.

टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या फोनमधून बनवली हे तुम्ही वाचलं असेल. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानमध्ये ७८,९८५ टन छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणं गोळा झाली, शिवाय सुमारे ६२ लाख मोबाईल फोन, आणि त्यातून ३२ किलो सोनं काढलं. ऐकायला झकास. पण भागाकार करून बघा, टनाला अर्धा ग्रॅमही पडत नाही! चांगल्या खाणीच्या दगडात टनाला यापेक्षा जास्त सोनं असतं. त्या टनांमध्ये प्लॅस्टिकची खोकी, मोटारी, वायरी, सगळं आलं, सोनं जे आहे ते मूठभर बोर्डांवर बसलेलं. म्हणून "ई-कचऱ्यात खाणीपेक्षा जास्त सोनं" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या ई-कचऱ्यात? फोनच्या नुसत्या बोर्डांबद्दल बोलत असाल तर खरं आहे, मिक्सर-इस्त्रीबद्दल बोलत असाल तर अजिबात नाही.

असो. आता पद्धत. रेसिपी म्हणून प्रमाणं देणार नाही, ती मुद्दामच देत नाहीये, कारण ज्याला करायचंय त्याने आधी महिनाभर वाचावं आणि ॲसिड हाताळायचं शिकावं, एखादा ब्लॉग वाचून बाथरूममध्ये सुरुवात करू नये. पण आत काय घडतं ते सांगते, कारण तेच मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडतं.

फिंगर्सच्या बाबतीत खरी युक्ती अशी की सोन्याला हातच लावायचा नाही. खालचं तांबं विरघळवायचं, की वरचं सोनं आपोआप सुटून येतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड एकटं तांब्याला फारसं काही करत नाही. त्यात औषधाच्या दुकानात मिळतं तसं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं घातलं की सुरुवात होते, थोडं तांबं विरघळतं आणि क्युप्रिक क्लोराइड तयार होतं, हिरवंगार. आणि मग मजा अशी की ते क्युप्रिक क्लोराइड स्वतःच तांबं खायला लागतं. तांबं खाऊन ते क्युप्रस होतं, रंग गढूळ काळपट-तपकिरी होतो, मग हवेतला ऑक्सिजन मिळाला की ॲसिडच्या मदतीने परत क्युप्रिक, परत हिरवं, परत तांबं खायला तयार. म्हणजे पेरॉक्साइड फक्त किल्ली फिरवण्यापुरतं, पुढची गाडी हवेवर चालते. म्हणून लोकं फिश टँकचा छोटा एअर पंप लावून त्यात बुडबुडे सोडतात. अधीर माणूस काय करतो, तर रोज जाऊन आणखी पेरॉक्साइड ओततो, आणि मग ते मिश्रण इतकं आक्रमक होतं की थोडं सोनंही विरघळवायला लागतं. घाबरायचं कारण नाही तसं, जोपर्यंत भांड्यात तांबं शिल्लक आहे तोपर्यंत विरघळलेलं सोनं परत तांब्यावर येऊन बसतं, पण ते मग सुबक पापुद्र्यासारखं येत नाही, काळ्या गाळासारखं येतं आणि गाळायला त्रास देतं.

तर ठेवून द्यायचं. उघड्यावर, झाकण अर्धवट, लहान मुलं आणि जनावरं जाणार नाहीत अशा ठिकाणी, आणि लोखंडाच्या कुठल्याही वस्तूपासून लांब. हे शेवटचं लोकांना खोटं वाटतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ दिसत नाही पण त्याच खोलीतले पाने, स्क्रू ड्रायव्हर, सायकलची चेन, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळ्यावर नारिंगी गंज चढतो. ज्या वाफेने पान्याला असं होतं ती आपल्या फुप्फुसाला काय करत असेल याचा विचार तिथल्या तिथे करावा आणि भांडं बाहेर न्यावं.

थोड्या दिवसांनी सोन्याचे पापुद्रे सुटायला लागतात. हिरव्या पाण्यात पिवळे चौकोनी तुकडे, एकेक फिंगरच्या आकाराचा, इतका पातळ की भांडं जरा हलवलं की ते गोल गोल फिरत वर येतात आणि हळूच खाली बसतात. हे बघायला मिळतं म्हणून मी हे सगळं करते असं म्हटलं तरी चालेल. पुढची सोन्याची गोळी वगैरे ठीक आहे, पण ही पायरी म्हणजे खरा सोहळा.

पापुद्रे गाळून घ्यायचे. इथे एक बारीक गोष्ट, त्यांना लगेच साध्या पाण्याने धुवायला गेलं तर फिल्टर पेपरवर पांढरी भुकटी उमटते आणि लोकं घाबरतात. ते क्युप्रस क्लोराइड असतं, ॲसिडमध्ये विरघळतं पण पाण्यात नाही, ॲसिडची तीव्रता कमी झाली की खाली बसतं. म्हणून पहिली धुलाई हायड्रोक्लोरिक ॲसिडने आणि मग पाण्याने. बस, एवढंच.

आता सोन्याला हात लावायचा. अम्लराज म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक यांचं मिश्रण सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण ते का चालतं हे जास्त सुंदर आहे. नायट्रिक ॲसिड सोन्याचे अगदी थोडे अणू ऑक्सिडाइज करू शकतं, इतके थोडे की एकट्याने काही साध्य होत नाही. पण शेजारी क्लोराइड असलं की ते त्या अणूंना लगेच पकडून द्रावणात बांधून ठेवतं, जागा रिकामी होते, मग नायट्रिक आणखी थोडे सोडवतं, ते पण पकडले जातात, आणि असं करत करत अख्खं सोनं जातं. दोघांपैकी एकालाही हे एकट्याने जमत नाही.

याच गोष्टीवर १९४० मध्ये कोपनहेगनला एक कमाल झाली होती. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं नील्स बोरच्या संस्थेत सुरक्षित ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तेव्हा तिथे मोठा गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. नाझी सैन्य शहरात शिरलं तेव्हा जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने दोन्ही पदकं अम्लराजात विरघळवली आणि ती बाटली प्रयोगशाळेतल्या फळीवर बाकीच्या बाटल्यांमध्ये ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, बाटलीकडे कुणी बघितलं नाही. युद्ध संपल्यावर त्यातून सोनं परत काढलं आणि नोबेल फाउंडेशनने त्याच सोन्याची पदकं पुन्हा ओतून दिली. माझ्याकडे पिवळ्या द्रावणाचं बीकर तयार झालं की हे हटकून आठवतं, सोनं गेलेलं नसतं, फक्त दिसत नसतं.

पण अम्लराजातून निघणारा तपकिरी वायू, नायट्रोजन डायऑक्साइड, याबद्दल स्पष्ट बोलायला पाहिजे. तो हुंगल्यावर लगेच फार काही होत नाही, थोडा खोकला येतो, माणूस म्हणतो ठीक आहे. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. माणसं गेलेली आहेत याने. त्यामुळे फ्यूम हूड, म्हणजे वायू ओढून बाहेर टाकणारं कपाट, नसेल तर हे करूच नये हे माझं ठाम मत. पापुद्र्यांसाठी बरेच जण नायट्रिक टाळतात आणि हायड्रोक्लोरिकमध्ये थेंब थेंब ब्लीच घालतात, पापुद्रे इतके पातळ असतात की ते त्यातही झटकन विरघळतात. पण त्यात सोनं विरघळवतो तो क्लोरीन वायूच, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला तोच. तेव्हा "नायट्रिक नाही म्हणजे सुरक्षित" असला गैरसमज नको. चष्मा, हातमोजे, ॲप्रन हे सगळं हवंच, पण वायूला त्यातलं काहीच अडवत नाही, त्याला हवा खेळती लागते.

द्रावण पिवळं झालं की त्यात सोनं आहे हे नक्की करायचं, आणि त्यासाठी मला सगळ्यात प्रिय असलेली चाचणी, स्टॅनस क्लोराइड. कथिलाचा तुकडा हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवून घरीच बनतं. फिल्टर पेपरवर द्रावणाचा एक थेंब, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा एक थेंब, आणि सोनं असेल तर जांभळा डाग, जास्त असेल तर थेट काळा. तो जांभळा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा. सतराव्या शतकापासून हा रंग पर्पल ऑफ कॅसियस या नावाने ओळखला जातो आणि लाल काचेसाठी, चिनी मातीवरच्या गुलाबी रंगासाठी वापरला गेला. फक्त स्टॅनस क्लोराइड ताजं लागतं, हवेने ते महिन्याभरात निकामी होतं, आणि निकामी चाचणी म्हणते "सोनं नाही" आणि माणूस बीकर ओतून टाकतो. म्हणून ओळखीच्या सोन्याच्या द्रावणाची छोटी बाटली जवळ ठेवायची आणि चाचणी आधी तिच्यावर करून बघायची.

मग सोनं खाली पाडायचं. अम्लराज वापरलं असेल तर उरलेलं नायट्रिक आधी संपवावं लागतं, सल्फॅमिक ॲसिड घालून ते मोडता येतं, नाहीतर सोनं एका बाजूने खाली पडतं आणि दुसऱ्या बाजूने परत विरघळतं, आणि आपण पावडरवर पावडर ओतत बसतो. त्यानंतर सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट. पहिलं झटपट पण सल्फर डायऑक्साइड सोडतं, दमा असणाऱ्यांनी लांबच राहावं. दुसरं सावकाश, द्रावण भरपूर वाढवतं, पण तांबं-निकेलला हात न लावता बहुतेक फक्त सोनंच खाली आणतं. मला दुसरं आवडतं. वेळ आहे, घाई कसली.

आणि जे खाली बसतं ते बघून पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पडतो, कारण ती असते तपकिरी माती. चमक नाही, पिवळेपणा नाही. कण इतके बारीक असतात की प्रकाश परततच नाही धड. ती माती परत परत धुवायची, गरम हायड्रोक्लोरिकने, पाण्याने, वरचं पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत. काही जण धुलाईला अमोनिया वापरा असं सांगतात, मी म्हणेन अजिबात नको. सोन्याचे क्षार आणि अमोनिया एकत्र आले की जे तयार होतं ते वाळल्यावर नुसत्या घासण्याने फुटतं, किमयागारांच्या काळापासून माहीत असलेला स्फोटक पदार्थ आहे तो.

मूस आधी टाकणखार वितळवून आतून काचेसारखी करून घ्यायची, म्हणजे सोनं चिकटत नाही. भुकटी कोरडी आणि सुटी असेल तर बर्नरच्या झोताने उडते, म्हणून तिचा घट्ट गोळा करून ठेवायचा. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. माती आधी लाल होते, मग गोळा होते, मग एका क्षणात सगळं एकत्र येऊन गोल थेंब, हिरवट प्रकाश असलेला, मुशीत इकडून तिकडे पळणारा. थंड होताना शुद्ध सोन्याच्या गोळीवर मधोमध खळगा पडतो, तो दिसला की समजायचं काम चोख झालंय. एक ग्रॅमची गोळी केवढी, तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास. दीडशे रॅमच्या पट्ट्या, भांडंभर ॲसिड, कित्येक आठवडे, आणि हे एवढंसं. ज्याला हे बघून हसू येत नाही त्याने यात पडू नये.

आता ज्या भागाबद्दल व्हिडिओत कुणी बोलत नाही तो भाग, म्हणजे उरलेलं हिरवं पाणी. माझ्या मते जो ते नीट निस्तरू शकत नाही त्याला हा छंद करायचा हक्क नाही, एवढं सरळ. त्यात तांबं आहे, निकेल आहे, कधी शिसं. माशांना तांब्याची अगदी थोडी मात्राही मारते, आणि निकेलने त्वचेला ॲलर्जी होते ती आयुष्यभर राहते. नाल्यात ओतायचं नाही, संडासात ओतायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी तर नाहीच.

मी असं करते की सगळी द्रावणं आधी एका मोठ्या बादलीत जातात जिच्यात तांब्याचे तुकडे पडलेले असतात. चुकून माकून राहिलेलं सोनं, चांदी, पॅलेडियम, जे काही तांब्यापेक्षा कमी क्रियाशील आहे ते त्या तुकड्यांवर येऊन बसतं. झारेकऱ्यासारखा हिशेब, राख सुद्धा फुकट जाऊ द्यायची नाही. चाचणी केल्याशिवाय कुठलंही पाणी पुढे जात नाही. तिथून ते दुसऱ्या बादलीत, लोखंडाच्या भंगारावर. लोखंड विरघळतं आणि तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं, हिरवं पाणी फिकट पडत जातं. मग कॉस्टिक सोडा हळूहळू घालत पीएच नऊ-दहाच्या आसपास आणायचा, पट्टीने मोजत, की लोखंड, निकेल वगैरे सगळे हायड्रॉक्साइडचा चिखल होऊन बसतात. वरचं पाणी निवळतं, त्यात जवळजवळ मिठाचं पाणी उरतं, आणि त्याचा पीएच सातवर आणून घ्यायचा. चिखल वाळवायचा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत जागी द्यायचा, लेबल लावून. हे सगळं करायला सोनं काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून कुणी विचारलं की तू काय करतेस तर मी कधीकधी सांगते, सांडपाणी शुद्ध करते, सोनं जोडीला निघतं.

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा बराचसा कुठे जातो ते माहीत आहे, उघड्यावर वायरी जाळून आणि ॲसिडमध्ये बोर्ड बुडवून पोट भरणाऱ्या लोकांकडे. रसायनं तीच आहेत जी माझ्या शेडमध्ये आहेत. फरक एवढाच की मला नको तेव्हा थांबता येतं आणि चष्मा विकत घेता येतो. माझ्या दोन-चार डब्यांनी त्या कोट्यवधी टनांमध्ये काही फरक पडत नाही हे मला कळतं, त्यामुळे पर्यावरणासाठी करते वगैरे मी म्हणत नाही.

बरेच जण विचारतात की काळ्या आयसी चिप्स का करत नाहीस, त्यात तर आत सोन्याच्या तारा असतात. असतात, जुन्यांमध्ये तरी. तार साधारण २५ मायक्रॉन जाडीची, केसापेक्षा बारीक, आणि सोनं ९९.९९ टक्के शुद्ध, म्हणजे फिंगर्सपेक्षा चोख. दोन मिलिमीटर लांबीची एक तार ०.०१९ मिलीग्रॅमची, अशा दोनशे असल्या तरी एका चिपमध्ये चार मिलीग्रॅमच्या आत. वाईट नाही, सात मिलीग्रॅमच्या अख्ख्या रॅम पट्टीच्या मानाने तर चांगलंच आहे. पण ती तार बाहेर काढायची तर वरचं काळं इपॉक्सी, म्हणजे चिपचं प्लॅस्टिकसारखं कवच, जाळून त्याची राख करावी लागते, आणि त्यात आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं मिसळलेली असतात. ती तांब्याच्या संगतीत कमी तापमानाला जळली की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. कारखान्यात तो धूर परत ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद तापवून मग गाळून सोडतात. घरातल्या पत्र्याच्या डब्यात आणि चुलीत ते होत नाही, धूर कितीही कमी दिसला तरी.

म्हणून चिप्स मी उपटून वेगळ्या डब्यात ठेवते आणि डबा भरला की अधिकृत रिसायकलरकडे देऊन टाकते. असा माल शेवटी बेल्जियममधल्या होबोकेनला युमिकोरचा किंवा स्वीडनमधल्या रोन्स्कारला बोलिडेनचा आहे तसल्या मोठ्या स्मेल्टरकडे, म्हणजे धातू वितळवणाऱ्या कारखान्याकडे, जायला हवा. तिथे बोर्डच्या बोर्ड भट्टीत जातात, वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम सगळं स्वतःत ओढून घेतं आणि मग ते एकेक करून वेगळं काढतात, धुराची व्यवस्था करून. त्या डब्याबरोबर थोडं सोनं माझ्या हातून जातं हे खरंय, गणित केलेलं आहे त्याचंही. जाऊ दे, माझ्याकडे अजून साउंड कार्डांच्या फिंगर्सची एक पिशवी कापायची बाकी आहे.